टाक्यांच्या आधीचा अर्धा तास

पोटाच्या ऑपरेशननंतरचा दुसरा दिवस. नाकात नळी, हाताला सलाईन, कुशीला ड्रेन, पलंगाच्या दांडीला लघवीची पिशवी. रात्री धड झोप झालेली नाही, इंजेक्शनची गुंगी अजून उतरायची आहे. तेवढ्यात पांढरा कोट घातलेली एक अनोळखी मुलगी पलंगाशी येते आणि म्हणते, "काका, मोठा श्वास घ्या बघू. आणि आता जोरात खोका." काका डोळे मिटून घेतात. उशाशी बसलेल्या काकी मध्ये पडतात, "बाय, टाके ओले आहेत गो अजून. आज राहू दे. उद्या बघू."

कोकणातल्या कुठल्याही सर्जिकल वॉर्डात हा संवाद ऐकू येतो. मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे, तिचं सांगणं शास्त्राला धरून आहे. काकींची काळजीही खरी आहे. चुकली आहे ती वेळ. ज्या माणसाला कूस बदलताना ब्रह्मांड आठवतं, त्याला त्या घटकेला नवी गोष्ट शिकवता येत नाही. हाच धडा आठ दिवस आधी, तो माणूस स्वतःच्या पायांनी चालत ओपीडीत आला होता तेव्हा द्यायला हवा होता. ऑपरेशनआधी रुग्णाला फिजिओथेरपीचं शिक्षण देणं म्हणतात ते एवढंच आहे. त्याला यंत्र लागत नाही, औषध लागत नाही. दोन खुर्च्या, एक उशी आणि अर्धा तास पुरतो. हा अर्धा तास आपल्याकडे बहुतेकांच्या वाट्याला येत नाही, आणि तो यायलाच हवा, असं मला ठामपणे वाटतं.

त्यासाठी आधी भुलेखाली फुप्फुसांचं काय होतं ते पाहू. निवांत बसलेला निरोगी माणूस तासाभरात दहाबारा वेळा नकळत एक मोठा श्वास घेतो, उसासा टाकावा तसा. आपल्या लक्षातही येत नाही, पण या उसाशांचं काम मोलाचं आहे. फुप्फुसांत कोट्यवधी वायुकोश असतात. लहानलहान श्वासांनी त्यांतले काही मिटत जातात आणि तो एक मोठा श्वास त्यांना पुन्हा उघडतो. पूर्ण भूल दिली की स्नायू सैल पडतात, छाती आणि पोट यांच्यामधलं श्वासपटल वर सरकतं आणि फुप्फुसाच्या तळाकडचे वायुकोश दबून मिटतात, ओल्या प्लास्टिकच्या पिशवीच्या दोन बाजू एकमेकींना चिकटाव्यात तसे. पूर्ण भूल घेतलेल्या दहांपैकी सुमारे नऊ जणांत थोडा तरी भाग असा मिटतो. बहुतेकांचा तो नंतर आपोआप उघडतो.

पण चीर पोटाच्या वरच्या भागात असेल, म्हणजे जठर, यकृत, स्वादुपिंड, मोठं आतडं यांचं मोठं ऑपरेशन असेल, तर गाडी अडते. दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो. श्वासपटल नीट हलत नाही. वेदनाशामक इंजेक्शनांनी तो नैसर्गिक उसासाही कमी होतो. पहिल्या दिवशी एका दमात आत घेता येणारी हवा निम्म्यावर येते. खोकायचं तर आधी छातीभर हवा घ्यावी लागते, आणि नेमकी तीच घेता येत नाही. कफ तळाशी साचतो, मिटलेला भाग मिटलेलाच राहतो, त्यात जंतू वाढतात आणि तिसऱ्या दिवशी ताप चढतो. ऑपरेशन छान झालेलं असतं, टाके कोरडे असतात, आणि माणूस न्यूमोनियाने आयसीयूत जातो.

या साखळीत एक गोष्ट फार महत्त्वाची आहे : तिची सुरुवात ऑपरेशन टेबलावरच होते. दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओथेरपिस्ट वॉर्डात पोचते तेव्हा पंधरावीस तास निघून गेलेले असतात. त्या तासांत दीर्घ श्वास कोण घेणार? ज्याला आधीपासून माहीत आहे तोच.

हा मुद्दा पडताळून पाहिला गेला तो टास्मानियात. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला असलेल्या या बेटावर लॉन्सेस्टन नावाचं लहानसं शहर आहे. तिथल्या रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्ट इयांथी बोडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातली दोन आणि न्यूझीलंडमधलं एक अशा तीन रुग्णालयांत पोटाच्या वरच्या भागाचं मोठं ऑपरेशन ठरलेले ४४१ रुग्ण घेतले. चिठ्ठ्या टाकल्यासारखे त्यांचे दोन गट केले. माहितीची पुस्तिका सगळ्यांना दिली. एका गटाला त्याशिवाय फिजिओथेरपिस्टबरोबर तीस मिनिटांची एक भेट मिळाली, तीही एकदाच. ऑपरेशननंतर दोन्ही गटांना लवकर उठवून चालवलं, पण श्वासाचे व्यायाम कुणालाच पुन्हा शिकवले नाहीत. निष्कर्ष २०१८ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आले. नुसत्या पुस्तिकेच्या गटात शंभरातल्या २७ जणांना फुप्फुसाची गुंतागुंत झाली, भेट मिळालेल्या गटात १२ जणांना. साधारण सात जणांना शिकवलं की एकाची गुंतागुंत टळते, असा त्याचा हिशेब. रुग्णालयात राहण्याचे दिवस मात्र लक्षात येण्याइतके कमी झाले नाहीत, हेही सांगायला हवं. आणखी एक निरीक्षण मला बोलकं वाटतं : अनुभवी फिजिओथेरपिस्टने शिकवलेल्या रुग्णांत फायदा जास्त दिसला. म्हणजे पुस्तिका हातात देऊन भागत नाही आणि कुणालाही शिकवायला बसवूनही भागत नाही. समोरचा माणूस घाबरला आहे का, त्याला कळलं का, हे ओळखणारी नजर लागते.

ही कल्पना अगदी नवी आहे असंही नाही. १९६४ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले भूलतज्ज्ञ लॉरेन्स एग्बर्ट यांनी पोटाच्या ऑपरेशनच्या ९७ रुग्णांवर असाच प्रयोग केला होता. निम्म्या रुग्णांना आदल्या रात्री भेटून सांगितलं, की दुखणार कुठे, किती, का दुखणार, पोटाचे स्नायू सैल कसे सोडायचे, कूस कशी बदलायची. या रुग्णांना वेदनाशामक मॉर्फिनसारखी औषधं जवळपास निम्मी लागली. कोण कुठल्या गटातलं हे सर्जनना ठाऊक नव्हतं, तरी त्यांनी या रुग्णांना सरासरी २.७ दिवस आधी घरी सोडलं. दुखणार आहे हे आधी कळलं, की दुखण्यातली भीती निघून जाते आणि उरतं ते फक्त दुखणं. तेवढं माणूस सोसतो.

आता तो अर्धा तास जवळून पाहू. समजा, राजापूर तालुक्यातल्या एका वाडीवरच्या आजी आहेत. मोठ्या आतड्याचं ऑपरेशन ठरलं आहे, भूलतज्ज्ञांकडून फिटनेस मिळालं आहे, तारीख पुढच्या आठवड्याची आहे. फिजिओथेरपिस्ट त्यांना खुर्चीत ताठ बसवते. एक हात बरगडीवर, एक पोटावर. "आजी, नाकाने सावकाश श्वास घ्या. अजून. अजून थोडा. आता थांबा." तीन ते पाच सेकंद थांबायचं आणि मग सोडायचा. असे दहा. थोडा दम खाऊन पुन्हा दहा. प्रत्येक दहांनंतर उशी पोटाशी दोन्ही हातांनी घट्ट आवळून तीनदा खोकायचं. आजी पहिल्यांदा घशातून खाकरतात. "असं नाही, खालून, पोटातून." दुसऱ्यांदा जमतं. मग ती विचारते, "आता सांगा, हे कधी सुरू करायचं?" आजी म्हणतात, "तुम्ही येऊन सांगाल तेव्हा." ती मान हलवते. "नाही आजी. शुद्ध आली, की तुम्ही स्वतः. मी त्या वेळी नसेन. जाग असेल तोवर दर तासाला." सगळा धडा या वाक्यासाठी असतो. पुढे आजी तेच तिला उलट सांगतात, करून दाखवतात, आणि तेव्हाच ती पुढे सरकते. मान डोलावली म्हणजे समजलं, असं धरून चालणारा शिक्षक इथे उपयोगाचा नाही.

मग टाक्यांचा प्रश्न येतो. तो रुग्णाने विचारला नाही तर फिजिओथेरपिस्टने स्वतः काढावा, कारण तो मनात असतोच. वरच्या कातडीचे टाके दिसतात, पण खरा भार त्याखालच्या स्नायूंच्या चिवट आवरणाला घातलेल्या टाक्यांवर असतो. तो धागा खोकल्याचा ताण गृहीत धरूनच निवडलेला असतो. उशीचा आधार देऊन खोकलं की नीट घातलेले टाके तुटत नाहीत. आधाराशिवाय, अवचित, वाकडंतिकडं होऊन खोकला आला तर मात्र कळ जाते. म्हणून खोकला दाबण्यापेक्षा तो ताब्यात ठेवायला शिकायचं. वॉर्डात काकी "आज राहू दे" म्हणाल्या, त्या हे ऐकून बसल्या असत्या तर त्यांनी स्वतःच उशी पुढे केली असती.

पलंगावरून उठणं हाही शिकण्याचा विषय आहे. वाडीवरच्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांना जन्मभर चटईवर किंवा गोधडीवर निजायची सवय. रुग्णालयाचा उंच लोखंडी पलंग त्यांना परका असतो. सरळ उठायला गेलं की पोटावर ताण येतो. त्यापेक्षा गुडघे दुमडायचे, अख्खं अंग एकदम कुशीवर वळवायचं, पाय पलंगाखाली सोडायचे आणि खालचं कोपर व वरचा तळवा रेटत बसतं व्हायचं. निरोगी असताना चारदा केलं की अंगवळणी पडतं. शिवाय घोट्यापासून पावलं वरखाली हलवत राहायची. पोटरीचे स्नायू दाबले गेले की पायातलं रक्त वर ढकललं जातं आणि गाठ होण्याचा धोका कमी होतो. चालणं सुरू होईपर्यंत तर हे हवंच. रत्नागिरीकरांना ते थोडं अधिकच लागू आहे. मोठ्या ऑपरेशनला इथली माणसं मुंबई किंवा कोल्हापूर गाठतात. आंबा घाट उतरून किंवा कोकण रेल्वेने सहासात तास बसून परत यायचं असतं. गाडीत पाय लोंबकळत ठेवून झोपून न जाता अधूनमधून पावलं हलवा, डॉक्टरांनी मोकळीक दिली असेल तर डब्यात चार पावलं टाका, हे आधीच सांगून ठेवावं लागतं.

श्वासाच्या व्यायामासाठी मिळणाऱ्या तीन गोळ्यांच्या प्लास्टिकच्या यंत्राबद्दलही बोललं पाहिजे. आजकाल ऑपरेशन म्हटलं की मेडिकलमधून ते आणायला सांगतात. त्यावर ६००, ९००, १२०० असे आकडे असतात. एका सेकंदाला किती मिलिलिटर वेगाने हवा आत घेतली म्हणजे कुठली गोळी वर जाते, ते त्यावरून कळतं. न शिकवता हाती दिलं तर बहुतेक लोक त्यात फुंकतात. खरं तर नळी तोंडात धरून हवा आत ओढायची असते. तिन्ही गोळ्या झटकन उडवण्याचा नादही उपयोगाचा नाही. एकदोन गोळ्या वर नेऊन जमेल तितका वेळ तिथे टिकवणं चांगलं. माझं मत विचाराल तर, यंत्र असेल तर वापरा, पण पोटाच्या ऑपरेशननंतर नुसत्या यंत्राने गुंतागुंत टळते असं दाखवणारा भक्कम पुरावा नाही. पैशांची ओढाताण असलेल्या घराने ते नाही आणता आलं म्हणून जिवाला लावून घेऊ नये. टास्मानियातल्या त्या अर्ध्या तासात शिकवला गेला तो साधा श्वास, खोकला आणि 'हे तुम्हीच करायचं' ही समज.

विडी-सिगारेट ओढणाऱ्यांसाठी हीच भेट आणखी एका कारणाने मोलाची. ऑपरेशनच्या निदान चार आठवडे आधी तंबाखू सोडली तर गुंतागुंत कमी होते, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये स्पष्ट केलं. मिरकरवाड्याच्या बंदरावर काम करणारा खलाशी असो की कलमांच्या बागेतला राखणदार, "विडी सोडा" हे त्याने शंभरदा ऐकलेलं असतं. ऑपरेशनची तारीख डोळ्यांसमोर असताना, आपलंच फुप्फुस कसं मिटतं हे समजल्यावर ऐकलेलं तेच वाक्य वेगळं लागतं.

गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनचं गणित निराळं आहे. तिथे आधी शिकवल्याने पुढे वेदना किंवा चाल खूप सुधारते, असा ठसठशीत पुरावा हाती आलेला नाही. धास्ती थोडी कमी होते, इतपतच म्हणता येतं. तरीही कोकणात तो धडा मी टाळू देणार नाही, कारण इथला खरा प्रश्न गुडघ्याइतकाच घराचा आहे. रस्त्यावरून घराकडे जायला जांभ्या दगडाची पाखाडी. पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ धरतं. ओटीला दोन पायऱ्या, उंच उंबरठे, न्हाणी मागच्या पडवीत, संडास कितीतरी ठिकाणी अजून परसात आणि तोही उकिडवं बसायचा. शहरातल्या सपाट फरशीवर वॉकर घेऊन चालायला शिकलेली बाई अशा घरी आली की पहिल्याच दिवशी अडते. म्हणून फिजिओथेरपिस्टने आधीच्या भेटीत घराचा नकाशा काढून घ्यावा : पायऱ्या किती, कठडा आहे का, रात्री उठून जायचं ते ठिकाण किती लांब. मग कमोडची खुर्ची आणायला, कठड्याला बांबू बांधायला, माजघरात एक खाट टाकायला आठदहा दिवस मिळतात. वॉकरची उंची ऑपरेशनआधीच जुळवून त्यावर चार फेऱ्या मारून घेता येतात. पायऱ्यांचा नियम तेव्हाच पाठ होतो : चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. ऑपरेशन शक्यतो पावसाळा टाळून करावं का, हा विचारही डॉक्टरांपुढे मांडावा. शेवाळलेल्या पाखाडीवर वॉकर टेकवणं म्हणजे पडण्याला आमंत्रण.

या सगळ्यात ऐकायला कोण बसतं, यावर बरंच ठरतं. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, आणि शंभरातली सुमारे चौऱ्याऐंशी माणसं खेड्यांत राहत होती. पुरुष पोटासाठी मुंबईला, घरी सासू आणि सून, कुठे तर एकटी म्हातारी. ऑपरेशनला मुंबईहून मुलगा चार दिवसांची रजा काढून येतो. सगळ्या सूचना तोच ऐकतो, सह्याही तोच करतो, आणि पाचव्या दिवशी रात्रीच्या गाडीला बसतो. पुढचा दीड महिना करणारी सून किंवा शेजारची मावशी त्या खोलीत नसतेच. शिकवताना त्या बाईला समोर बसवायला हवं. निदान मुलाने मोबाइलवर चित्रण करून तिला पाठवावं.

एवढं सोपं असूनही हे होत का नाही? माझ्या मते मुख्य कारण फिजिओथेरपीकडे बघण्याच्या सवयीत आहे. मुंबईत १९५२च्या सुमारास पोलिओची साथ आली आणि त्यानंतर १९५३ मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात देशातलं पहिलं फिजिओथेरपीचं विद्यालय सुरू झालं. पाय लुळा पडल्यावर, हाड मोडल्यावर, लकवा मारल्यावर, म्हणजे काही बिघडल्यानंतरच फिजिओथेरपिस्टकडे जायचं, हे लोकांच्या आणि अनेक डॉक्टरांच्याही मनात तेव्हापासून बसलं आहे. साडेचार वर्षांची पदवी घेतलेल्या माणसाकडे 'शेक देणारी मॅडम' म्हणून पाहिलं जातं. सर्जनची चिठ्ठी निघते ती ऑपरेशननंतर. रुग्ण आदल्या संध्याकाळी दाखल होतो, मग रक्ततपासण्या, संमतीपत्र, उपास, एनिमा यांत रात्र सरते.

जागा आहे ती त्याच्या आधी. तारीख मिळाल्यापासून दाखल होईपर्यंत बहुतेक नियोजित ऑपरेशनांत आठवडा-दोन आठवडे जातात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत मंजुरीची वाट पाहावी लागते, तेही दिवस रिकामेच असतात. फिटनेससाठी रुग्ण रुग्णालयात येतोच. त्याच फेरीत अर्धा तास घेता येईल. रत्नागिरी शहरातल्या सिव्हिल रुग्णालयाला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाची जोड मिळाली आहे, आणि चिपळूण तालुक्यात सावर्ड्याजवळ डेरवणला १९९६ पासून वालावलकर रुग्णालय व २०१५ पासून वैद्यकीय महाविद्यालय उभं आहे. ऑपरेशनसाठी प्रत्येकाने जिल्ह्याबाहेर जावं, असे दिवस आता राहिलेले नाहीत. ऑपरेशन मुंबईत असलं तरी हा धडा गावाजवळच्या फिजिओथेरपिस्टकडून घेता येतो. तातडीच्या ऑपरेशनला अर्थातच हा वेळ मिळत नाही. हृदयविकार, मोठा हर्निया किंवा डोळ्याचं ऑपरेशन असेल तर जोरात खोकावं की नाही, हे आपल्या सर्जनलाच विचारावं.

तेव्हा तुमची किंवा घरातल्या कुणाची ऑपरेशनची तारीख ठरली, की त्याच खोलीत डॉक्टरांना सांगा, "फिजिओथेरपिस्टच्या नावे चिठ्ठी द्या, ऑपरेशनच्या आधीच जाऊन येतो." आणि जाल तेव्हा नंतर तुमचं करणारं जे कुणी असेल त्याला बरोबर घेऊन जा.